कोराच चहा का, हे विचारलंत म्हणून

“वडिलांचं चहाचं हॉटेल आणि तू कोरा पितेस? डाएट का?” लग्नकार्यात, ऑफिसात, कुठंही गेले तरी हे ऐकावं लागतं. डाएट नाही, ॲसिडिटीही नाही. मला पानाची चव आवडते.

आणि कृपा करून “ग्रीन टीचं झाड वेगळं ना?” असं पुढं विचारू नका. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. (गवती चहा चहाच नव्हे, ते गवत.) पान खुडल्यावर त्याचं काय करतात, त्यावर प्रकार ठरतो. लगेच उष्णता दिली, चीनमध्ये बहुधा कढईत, जपानमध्ये वाफेवर, की ते हिरवं राहतं. कोमेजवून, मळून हवेत काळपट होऊ दिलं की आपला नेहमीचा चहा. मध्येच थांबवलं की ऊलाँग. कोवळ्या कळ्या नुसत्या कोमेजवून वाळवल्या की पांढरा. चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर तर वर्षानुवर्षं मुरवतात.

दार्जिलिंगहून मी फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा, आणला होता. पाणी उकळलं, गॅस बंद केला, पत्ती टाकून झाकण ठेवलं. फिकट सोनेरी रंग, फुलासारखा वास. साताऱ्यातल्या हॉटेलात, भर गर्दीच्या वेळी, कप वडिलांपुढं, अण्णांपुढं ठेवला. त्यांनी एक घोट घेतला. “ही फुळकवणी कोण पिणार? साहेबी चोचले सगळे.” उरलेली पुडी त्यांनी उकळत्या दुधाच्या पातेल्यात उपडी केली. आलं ठेचून टाकलं, साखर टाकली, गाळून पहिला ग्लास मलाच दिला. बाकांवरची माणसं हसत होती. चहा कडू झाला होता, आल्याखाली पान कुठं उरलंच नव्हतं. मी तो सगळा प्यायले.

साहेबी म्हणाल तर चहात दूध घालायची सवय साहेबाचीच. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामात चहा कळला तो तिथल्या सिंगफो आदिवासींकडून. ते पान भाजून बांबूच्या नळीत ठासतात, चुलीवरच्या धुरात ठेवतात आणि बिनदुधाचा पितात. हे अण्णांना त्या दिवशी सांगायला हवं होतं, असं अजून वाटतं.

पण त्यांची बाजूही खरी आहे. त्यांच्या डब्यातली पावडर सीटीसी. दातेरी रुळांत पान चिरडून, फाडून दाणे करायचे, हे यंत्रही आसामातच 1930 च्या दशकात आलं. तो दाणा झटकन रंग सोडतो, दुधात टिकतो, स्वस्तात जास्त कप देतो. त्यावरच आमचं घर चाललं. तेव्हाची मी सीटीसीला चहाच मानत नसे. आज तसं म्हणवत नाही, आणि पुडी पातेल्यात ओतली तेही पटत नाही.

आमच्याकडे आलात तर सध्या आसामचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे दाणे न करता पान वळून केलेला चहा, आहे. दूधच हवं असेल तर सीटीसीचा डबाही भरलेला आहे, फक्त आधी सांगा.