गवत कधी पेटवायचं हे ज्यांना कळायचं

चराऊ कुरणांचा विषय निघाला की माझी गाडी हटकून अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीवर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जाते. १९५० साली ५ हजारसुद्धा वस्ती नसलेली काउंटी, कॉटनवूड फॉल्स हे तिचं मुख्य गाव, नदीपलीकडे स्ट्राँग सिटी, आणि बाकी सगळ्या फ्लिंट हिल्सच्या टेकड्या, नजर जाईल तिथपर्यंत गवत. अमेरिकेच्या मधोमध पसरलेलं उंच गवताचं माळरान नांगराखाली गेलं, आज त्यातलं जेमतेम ४ टक्के उरलंय आणि त्यातला सगळ्यात मोठा सलग तुकडा या टेकड्यांवर आहे, कारण इथे मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडी नि गारगोटी, नांगर घालणार कुठे.

पण नुसत्या दगडाने गवत टिकत नाही, चारून चारून संपवता येतंच की. म्हणून मला १९४०-५० च्या काळातले तिथले पाश्चरमन फार महत्त्वाचे वाटतात. बऱ्याचदा जमीन दूर कुठेतरी राहणाऱ्या मालकाची, गुरं टेक्ससच्या रँचवाल्याची, आणि हा मधला माणूस कुरण लीजवर घेणार, जनावरामागे ठरलेले पैसे घेऊन हंगामभर गुरं सांभाळणार. कुंपणं दुरुस्त करायची, आजारी जनावर ओळखायचं, पुन्हा पुन्हा मोजणी करायची, सगळं याच्याच गळ्यात. स्वतःचं गवतही नाही आणि गुरंही नाहीत, तरी एका मोठ्या स्टीअरला (मांसासाठी वाढवलेल्या खच्ची बैलाला) ४-५ एकर लागतात हा हिशोब तो सोडायचा नाही, कारण यंदा जास्त गुरं कोंबली तर पुढच्या वर्षी भोगायचं त्यालाच.

एप्रिलमध्ये सांता फे रेल्वेने गुरांच्या गाड्या यायला लागायच्या. गुरांना सलग २८ तासांपेक्षा जास्त वेळ डब्यात ठेवायचं नाही असा १९०६ चा कायदा होता (मालकाने लिहून दिलं तर ३६), म्हणून लांबून येणारी गाडी वाटेत थांबवून गुरं उतरवून चारा-पाणी करावं लागायचं. बझार, मॅटफील्ड ग्रीन अशा छोट्या स्टेशनांवर ती उतरायची आणि मग घोड्यांवरून हाकत कुरणापर्यंत न्यायची, या कामाला शेजारीपाजारी सगळे यायचे, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, आणि घरातल्या बायका एवढ्या सगळ्या माणसांचं जेवण रांधायच्या. प्रवासाने खंगलेली ती जनावरं ब्लूस्टेम गवतावर अशी काही भरायची की सुरुवातीच्या महिन्यांत दिवसाला २ पाउंडांच्या आसपास वजन चढायचं. जुलैच्या मध्यानंतर गवत राठ होतं, त्यातली प्रथिनं उतरतात, मग जुलै ते ऑक्टोबर गाड्या भरून कॅन्सस सिटीच्या बाजारात.

आता जाळण्याचं. हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. गुरं यायच्या आधी जुनं वाळलेलं गवत पेटवून द्यायची तिथे पूर्वापार पद्धत, मूळची तिथल्या आदिवासी लोकांची. एका टोकाला बारीक भोक ठेवलेल्या लोखंडी पाइपात पेट्रोल भरायचं, तो पेटवून घोड्यामागे नाहीतर पिकअपमागे ओढत न्यायचा, मागे आगीची रेघ उमटत जाते, आणि बाकीची माणसं ओली गोणपाटं घेऊन कडेने उभी, आग शेजारच्या रानात शिरायला लागली की झोडपून विझवायची. वारा फिरला की संपलंच, म्हणून अख्खं कुटुंब आणि शेजार हजर.

त्या वेळच्या बऱ्याच जाणकारांना हे जाळणं पटत नव्हतं, जमीन उघडी पडते, गवत कमी होतं असं त्यांचं म्हणणं, आणि घाईने जाळलं तर ते खरंही आहे. कॅन्ससमधल्याच मॅनहॅटन गावच्या स्टेट कॉलेजने, म्हणजे आताच्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीने, १९५० पासून वेगवेगळ्या तारखांना जाळलेल्या कुरणांत गुरं चारून बघायला सुरुवात केली, एक कुरण मार्चमध्ये जाळलेलं, एक त्यानंतर, एक थेट मेच्या तोंडावर, आणि एक न जाळलेलं. वर्षानुवर्षं चाललेल्या या कामातून दिसलं ते असं की लवकर जाळलं तर उघड्या जमिनीतली ओल निघून जाते आणि गवत कमी येतं, पण एप्रिलच्या शेवटी, ब्लूस्टेमचे कोंब नुकते डोकं काढत असताना जाळलं तर आधी उगवलेलं तण आणि कुरणात घुसणाऱ्या सीडरच्या झाडांची रोपटी मरतात, ब्लूस्टेमचा वाढीचा भाग जमिनीखाली असल्यामुळे त्याला काही होत नाही, आणि न जाळलेल्या कुरणापेक्षा गुरांचं वजनही जास्त भरतं. म्हणजे सगळा खेळ दोन-चार आठवड्यांचा! कोंब बघून काडी लावणारा माणूस बरोबर होता आणि हे मोजून सिद्ध झालं याचा मला मनापासून आनंद होतो.

दुसरी युक्ती मिठाची. गुरं पाण्याजवळच चरत बसतात, तिथलं गवत मुळापर्यंत जातं आणि लांबची टेकडी तशीच राहते, म्हणून मीठ मुद्दाम पाणवठ्यापासून लांब ठेवायचं. एक पैसा जास्तीचा खर्च नाही आणि सगळं कुरण सारखं चरलं जातं. सॉइल कन्झर्व्हेशन सर्व्हिस या सरकारी मृदसंधारण खात्याच्या मदतीने ठिकठिकाणी तळी खोदली गेली, तोही यातलाच भाग.

रोजचं जगणं मात्र सोपं नव्हतं. कित्येक वस्त्यांवर वीज चाळिशीच्या दशकात आली, फोनची एकच लाइन पाच-सात घरांत, एका खोलीच्या शाळा. करमणूक म्हणजे स्ट्राँग सिटीचा रोडिओ, म्हणजे घोडे-बैलांवरच्या कसरतींच्या स्पर्धा. जुलै १९५१ मध्ये महापूर आला, कॉटनवूड नदी फुटली आणि तिकडे कॅन्सस सिटीचं स्टॉकयार्डच, म्हणजे गुरांचा बाजारच, पाण्याखाली गेला, नेमकं गवतावरची गुरं विकायला निघायच्या वेळी. ते निस्तरतंय तोवर १९५२ पासून सलग काही वर्षं दुष्काळ, तळी आटली. पूर आणि दुष्काळ असे पाठोपाठ सोसून ज्यांनी गुरांची संख्या आवरली त्यांचंच कुरण पुढे सावरलं.

त्याच दशकात ट्रक आले आणि रेल्वेची गुरं कमी होत गेली. १९५६ साली कॅन्सस टर्नपाइक हा टोलचा हायवे या टेकड्यांमधून गेला, तेव्हापासून बझारजवळ हायवेला एक एक्झिट आहे जी कुठल्याच गावाला जात नाही. तिथे फक्त गुरांचे कोंडवाडे आहेत, ट्रक थांबतात, गुरं उतरतात आणि पलीकडच्या गवतात जातात.