सव्वासात ते अकरा

गोव्यातल्या कुळे स्टेशनवर माझी सकाळची ड्यूटी सहाला लागते. जुलैतल्या त्या दिवशी चार्ज देताना रात्रीचे मास्तर म्हणाले, "दूधसागर आणि सोनावलीच्या मध्ये दरड आलीय. पेट्रोलमननं पाहिली." आणि छत्री उघडून गेले.

लोकांना आमचा घाट म्हणजे धबधबा. आम्हाला घाट म्हणजे ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. मोटारीला हे काहीच नाही, पण ओल्या रुळावर लोखंडी चाकाला फार आहे. म्हणून वर जाणाऱ्या गाडीला कुळ्यात बँकर लागतात, ढकलायला जादा इंजिनं. कॅसलरॉकपर्यंतचे २६ किलोमीटर ती सोबत असतात. पावसाळ्यात रात्रभर पेट्रोलमन चालत असतो. हातात बत्ती, पिशवीत फटाके. रुळावर दरड दिसली की हा माणूस आधी अलीकडं-पलीकडं ठरलेल्या अंतरावर रुळाला फटाके बांधतो. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हर गाडी उभी करतो. त्या रात्री त्यानं मुसळधार पावसात हे एकट्यानं केलं. पेपरात फोटो आला तो दरडीचा.

सव्वासातला पीडब्ल्यूआयचा, म्हणजे रुळांच्या देखभालीच्या इन्स्पेक्टरचा, साइटवरून फोन आला. "मास्तर, मोठा खडक आहे आणि मागची माती अजून येतेय. आज काही गाडी जात नाही. उद्याचंही सांगत नाही." मी वेळ वहीत टिपली. गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला विचारलं. उत्तर आलं: गाडी कुळ्यापर्यंत येऊ द्या, पुढचा निरोप येईपर्यंत थांबवा. आमच्याकडं निरोप प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा आकडा, देऊन-घेऊन पक्का होतो. तोवर ते नुसतं बोलणं. पीडब्ल्यूआयचं बोलणं मला 'रद्द' म्हणून माईकवर सांगता येत नव्हतं. माईकवर शब्द एकच, 'लेट'.

पाच मिनिटांनी खिडकीशी एक तरुण आला. आत्याला सोडायला आला होता. ती लोंढ्याला उतरून बेळगावला जाणार होती. "गाडी आहे ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "लेट आहे. येईल."

तो कामावर निघून गेला.

म्हातारी बाकावर बसली. वय चौऱ्याऐंशी, नऊवारी, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं, गाठ दोनदा मारलेली. आठला गाडी आली, लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली. तिला म्हटलं, आत बसा. ती बाहेरच बसली. साडेनऊला मी चहा घेऊन गेलो तेव्हा म्हणाली, "पुता, माझे बाबा इथंच पॉइंट्समन होते. डब्ल्यूआयपीत."

पॉइंट्समन म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारा. मी तिच्याशेजारी बसलोच. कारण ही तीन अक्षरं आता कोणी उच्चारत नाही. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. लंडनची कंपनी, नफ्याची हमी पोर्तुगालची, आणि पलीकडं इंग्रजांचा मुलूख. २६ डिसेंबर १८७८ च्या करारातून हा मार्ग निघाला, १८८८ मध्ये सरहद्दीला भिडला. मुरगाव बंदर ते सरहद्द ८२ किलोमीटर, सगळी मीटरगेज. त्या करारानं गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. मिठागरांवर जगणाऱ्यांना त्यातलं काय मिळालं? या रुळांची किंमत त्यांनी मोजली असं मला वाटतं, आणि स्टेशनांवरच्या फलकांवर ते कधीच लिहिलेलं नसतं.

१९६१ पर्यंत माझं हे स्टेशन दुसऱ्या देशाचं शेवटचं मोठं ठाणं होतं. सप्टेंबर १९४६ मध्ये डॉ. लोहिया परत गोव्यात शिरत होते, त्यांना पोर्तुगिजांनी इथंच पकडलं. हे मला माहीत होतं. सामान कसं तपासायचे ते तिनं सांगितलं. इथं पाकल्यांची, म्हणजे पोर्तुगिजांची, आल्फांदेग (कस्टम), वर कॅसलरॉकला हिंदुस्थानची. "थोरली बेळगावला दिलेली. बाबा तिला कोकमाची सोलं पाठवायचे. शिपाई पिशवीत कोपरापर्यंत हात घालायचा. मग आई दोन गाठी मारायला लागली. म्हणायची, सोडताना जरा दमू दे त्याला."

१५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारतानं सरहद्द बंद केली, वरून गाडी यायची थांबली. ती तेव्हा चौदा वर्षांची. थोरली बाळंतपणाला येणार होती. "रोज मी इथं यायची. बाबा म्हणायचे, आज नाही, उद्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं ना." थोरली आली ती गोवा सुटल्यावर, सहा वर्षांचं पोर घेऊन. तोवर बाबा गेले होते.

आणि आता थोरली बेळगावच्या इस्पितळात होती. रात्री फोन आला होता, लवकर या म्हणून. पिशवीत सोलं होती.

मी उठलो. परत कंट्रोल. "निरोप येईल." भाच्याला फोन लावला, लागेना. अकरा वाजून पाच मिनिटांनी निरोप आला: गाडी रद्द. मी घोषणा केली. डब्यांतून शिव्या आल्या, त्या मला रोजच्या आहेत.

तिनं शिवी दिली नाही. खिडकीशी येऊन विचारलं, "तुला कधी कळलं?"

वही समोर उघडीच होती. खोटं बोलता आलं असतं.

"सव्वासातला."

तिनं बोटांवर मोजलं. सात ते आठ, आठ ते नऊ. चौथ्या बोटावर थांबली. जवळच्या मोले गावाहून अनमोड घाटाच्या रस्त्यानं बेळगाव तीन तासांचं, हे तिलाही ठाऊक होतं. "बाबांना ठाऊक नव्हतं," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलली. मी बाजारातून एक गाडी बोलावली, पॉइंट्समनला सोबत पाठवलं मोल्यापर्यंत. भाडं देऊ केलं, तिनं घेतलं नाही.

ती वेळेत पोचली का, मला माहीत नाही. भाच्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे. दोनदा काढला, लावला नाही.

नियमानं माझी चूक नाही, असं सहकारी सांगतात. नियम मलाही पाठ आहे, आणि तो का आहे तेही समजतं. मास्तरनं ऐकीव माहितीवर गाडी रद्द म्हणावं आणि तासाभरात वाट मोकळी व्हावी, असंही होतं. पण त्या पोरानं माईकवरची घोषणा विचारली नव्हती. खिडकीशी येऊन माणसानं माणसाला विचारलं होतं, आणि 'येईल' हा शब्द कंट्रोलनं मला दिलेला नव्हता. तो मी घातला.

त्यानंतर दोनदा वर दरड आली. दोन्ही वेळा मी फलाटावर जाऊन बाकाबाकाशी सांगितलं: अजून अधिकृत काही नाही, पण साइटवरचा माणूस असं म्हणतो, घाईचं काम असेल तर रस्त्यानं निघा. एकदा तक्रार झाली, खुलासा मागितला गेला. मी त्यात साइटच्या फोनची वेळ लिहिली आणि खाली सही केली.