हापूसचा पिवळा

देवगडात राहून आंब्याच्या पेट्यांची लेबलं करणाऱ्या माणसाला पिवळा रंग कळू नये, ही तशी लाजच. गेल्या मोसमात स्क्रीनवर केशरी झाकेचा हापूस पाहून मी फाइल छापायला पाठवली. छापून आली ती पाडालाही न लागलेली कैरी. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने. काही झळझळीत केशरी शाईत उतरतच नाहीत, हे मान्य. पण माझा जुना मॉनिटर त्यावर स्वतःची थापही मारत होता.

म्हणून नवा, मोठा घ्यायचं ठरलं आणि घरात दोन तट पडले. लेकाला गेमसाठी १४४ हर्ट्झ हवे, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र; मला डेल्टा-ई दोनच्या आत, म्हणजे रंगातली चूक नजरेला जेमतेम जाणवेल इतकीच. २५६० बाय १४४० पिक्सेल २७ इंचात इंचाला १०९ बसतात, ३२ इंचात ९२च. मग वेलांट्यांच्या कडा खरखरीत दिसतात. ३२ इंची फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलचा घ्यावा तर पिक्सेल सव्वादोनपट, आणि लेकाचं ग्राफिक्स कार्ड धापा टाकणार. ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो किंवा विझतो, म्हणून त्याचा काळा रंग खरोखर काळा, पण माझा टूलबार दहा-दहा तास एकाच जागी. त्याचा डाग पडायची धास्ती. शेवटी आयपीएस, म्हणजे एलसीडीतल्याच एका जातीचा, फोर-के आला. लेक कमी रिझोल्यूशनवर खेळायला कुरकुरत तयार झाला. आई म्हणाली, “एवढो मोठो टीव्ही, आणि त्यात सिरियल लागणा नाय?”

स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर उसना आणला. ते यंत्र पालीसारखं काचेला चिकटून बसतं आणि खाली रंगांचे चौकोन बदलत राहतात. ६५०० केल्विनला, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्याला, सगळं जुळलं. सकाळी हापूस हापूसच दिसला; संध्याकाळी तोच फिका. यंत्र पुन्हा लावलं, आकडे तेच!

दोष निघाला खिडकीबाहेरच्या जांभ्याच्या गडग्याचा, म्हणजे तांबड्या दगडाच्या कुंपणभिंतीचा. चारनंतर त्यावर ऊन पडलं की खोली तांबूस होते. डोळा त्या उजेडाला सरावतो, स्क्रीन उगाच निळसर वाटते आणि आपण पिवळा वाढवत बसतो. तेव्हा चार ते सूर्यास्त रंगाचं काम बंद, मॉनिटर लेकाचा. त्याने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

पावसाळ्यात गडग्यावर ऊन नसतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.