नेढे

गेल्या रविवारी जेवणानंतर शर्टाचे बटण लावायला बसलो आणि हातातल्या सुईला नेढेच नाही, असे माझ्या लक्षात आले. सुई नवी होती, पाकिटातून तेव्हाच काढलेली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली, बोटांत फिरवली, नखाने चाचपून पाहिली. हात लांब केला की तेथे भोक असावे असा संशय येई. पण तेवढ्या अंतरावरून ते इतके बारीक होई की त्यात दोरा घालणे म्हणजे केवळ अंदाजाचा कारभार. सुई जवळ आणली की भोक विरघळे, आणखी जवळ आणली की सुईही विरघळे. शेवटी अगदी नाकापाशी नेल्यावर एका सुईच्या दोन सुया झाल्या, तेव्हा दोन्ही गादीत टोचून ठेवून मी स्वस्थ बसलो.

आपल्या भाषेने या बाबतीत माणसाला लपायला जागा ठेवलेली नाही. वयाला चाळिशी म्हणायचे आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणायचे, त्यामुळे ‘माझी चाळिशी कुठे ठेवली?’ असे घरात विचारले की वय आणि वस्तू या दोन्ही गोष्टी एकदमच जाहीर होतात. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि सहा वर्षे हा चष्मा चुकवल्याचा मला थोडा अभिमानही होता. मोबाइलवरची अक्षरे मोठी करून घेतली, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर विश्वासावर सोडला, आणि हॉटेलात मेनूकार्ड समोरच्याच्या हाती देऊन ‘आज तुम्हीच सांगा’ असे म्हणण्याचा दिलदारपणा अंगी बाणवला. यातली गंमत अशी, की डिसेंबरात रतनगडावर गेलो तेव्हा गडाच्या माथ्यावरचे नेढे, ज्यात चारपाच माणसे वारा खात ऐसपैस बसतात ते कातळातले आरपार भोक, आमच्या गटात दुरून सर्वांत आधी मलाच दिसले होते. तेव्हा पुष्कळ कौतुक झाले. डोंगराचे नेढे दिसणाऱ्याला सुईचे दिसत नाही, हे त्या दिवशी कोणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

सुई ओवण्याचे काम आमच्या घरी एके काळी माझ्याकडे होते. उन्हाळ्याच्या दुपारी, घर निजलेले असताना, आजी ओसरीवर गोधडी पसरून बसे. जुन्या लुगड्यांचे थर, वरून मऊ धोतराचे अस्तर आणि त्यावर बोटभर अंतराने चालणारा धावदोरा. दोरा संपला की ती मान वर न करता हाक मारी : ‘‘बाळ, एवढी सुई ओवून दे रे, तुझे डोळे कोवळे आहेत.’’ मी दोऱ्याचे टोक दाताने तोडी, जिभेवर ओले करी, चिमटीत पिळून त्याला अणी काढी आणि सुई जवळजवळ नाकाला टेकवून एका झटक्यात ओवी. त्या क्षणी माझे दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले असत आणि ते पाहून आजीला धडकी भरे. ‘‘असे डोळे करू नकोस, तसेच राहतील,’’ असे ती म्हणे आणि लगेच दुसरी सुई पुढे करी. सारखे उठावे लागू नये म्हणून मी दोरा दोन हात लांब घेऊ लागलो; मग तो गुंते, आणि गुंता सोडवायलाही कोवळे डोळेच लागत. त्यावर मी पाच सुया एकदम ओवून उशीच्या कडेला ओळीने टोचून ठेवण्याची युक्ती काढली. पातळ पत्र्याला बारीक तार लावलेले सुई ओवण्याचे एक साधन बाजारात मिळते. ते मला आजही लबाडीचे वाटते, त्याचे कारण बहुधा त्या उशीत असावे.

शाळेत आम्हांला २५ सेंटीमीटर हा आकडा पाठ करायला लावला होता. डोळ्याला ताण न पडता वस्तू स्पष्ट दिसण्याचे ते कमीत कमी अंतर. मी पट्टी घेऊन सुई धरून पाहिली, तर मला त्याच्या एकतृतीयांश अंतरावरही ती लख्ख दिसत होती, आणि पुस्तकात चूक सापडल्याच्या आनंदात मी दोन दिवस काढले. चूक नव्हती. दहा वर्षांच्या मुलाला साधारण ७ सेंटीमीटरवरचेही दिसते, चाळिशीच्या आसपास ते अंतर २० ते २५ सेंटीमीटरवर येते आणि साठीत मीटरभर लांब जाते. म्हणजे तो आकडा विद्यार्थ्यांच्या वयाचा नसून पुस्तक लिहिणाऱ्यांच्या वयाचा होता.

जवळचे पाहायचे म्हटले की डोळा तीन कामे एकदम करतो. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, बाहुली लहान होते आणि आतले भिंग फुगते. सुई २५ सेंटीमीटरवर असेल तर प्रत्येक डोळ्याला सुमारे ७ अंश आत वळावे लागते, ७ सेंटीमीटरवर असेल तर २० अंशांहून अधिक. आजीची धडकी अगदीच निराधार नव्हती. भिंगाचा प्रकार मात्र आपल्या समजुतीच्या उलटा आहे. ते एका स्नायूच्या कड्याच्या मधोमध अतिशय बारीक तंतूंनी चोहोबाजूंनी ताणून टांगलेले असते. दूर पाहताना स्नायू विसावलेला असतो, त्यामुळे तंतू ताणलेले आणि भिंग चपटे असते. जवळ पाहताना स्नायू आक्रसतो, कडे लहान होते, तंतू सैल पडतात, आणि ताणातून सुटलेले भिंग आपल्या अंगच्या लवचीकपणाने गोल होते. म्हणजे सुईत दोरा घालण्याआधी डोळ्यातले दोरे ढिले करावे लागतात. हा उलगडा हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली केला.

त्याच्याही आधी, १८०१ साली, लंडनच्या टॉमस यंगने हे काम भिंगाचेच आहे, असे स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले होते. जवळ पाहताना डोळ्याचा गोलच लांबत असेल काय, हे तपासण्यासाठी त्याने डोळा नाकाकडे वळवून बाहेरच्या कोपऱ्यातून गोलाच्या मागच्या बाजूला किल्लीची कडी दाबून धरली; गोल लांबला असता तर ती अधिक रुतली असती, पण तसे झाले नाही. पुढचे पारदर्शक पटल आकार बदलत असेल काय, हे पाहण्यासाठी त्याने डोळ्याला पाणी भरलेली नळी लावली. पाण्यात त्या पटलाची शक्ती जवळजवळ नाहीशी होते, तरीही त्याला जवळचे आणि दूरचे दोन्ही साधता येत होते. तेव्हा तो तिशीच्या आतला होता, हे बरे झाले. माझ्या वयाच्या माणसाने हा प्रयोग केला असता तर भिंग काहीच करत नाही, असाच निष्कर्ष निघाला असता.

सोमवारी संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेलो. तेथल्या मुलाने माझ्या नाकावर मिलिमीटरची पट्टी आडवी धरली, आधी दूर पाहायला सांगून दोन बाहुल्यांमधले अंतर ६४ लिहिले, मग त्याच्या स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगून ६१ लिहिले. हे तीन मिलिमीटर कुठे गेले, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘जवळचं बघताना डोळे आत येतात ना, साहेब.’’ मला उगीचच बरे वाटले. इतकी वर्षे जोडीने काम करणाऱ्यांपैकी भिंग कामावर यायचे बंद झाले असले तरी डोळे वळवणारे स्नायू अजून वेळेवर हजर होत होते. दीडचा नंबर निघाला. चष्मा आल्यावर बटण लावले. सुई तिसऱ्या खेपेला ओवली गेली.

भिंग कामावर येत नाही, कारण ते कडक होते. लहान मुलाचे भिंग खरोखरच मऊ असते, आणि कोवळे हा शब्द आजीने लाडाने वापरला असला तरी तो शब्दशः बरोबर होता. भिंगात रक्तवाहिनी नसते, जुन्या पेशी टाकून देण्याची सोयही नसते. नवे थर बाहेरून चढत राहतात, कांद्यासारखे, आणि सर्वांत आतला कण आईच्या पोटात असताना तयार झालेला असतो, तोच शेवटपर्यंत राहतो.

१९९८ साली आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी काढल्यावर तिने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचून दाखवली आणि मी वाळलो आहे, असे मला सांगितले. घरी आल्यावर सुई मात्र पुन्हा माझ्याकडेच आली, कारण बसवलेले प्लॅस्टिकचे भिंग फुगत नाही. तिचे स्वतःचे भिंग मसुराच्या दाण्याहून थोडे मोठे, पिंगट पडलेले असणार, आणि त्याच्या मधोमध तिच्या जन्माआधीचा तो कण असणार. डॉक्टरांनी ते काढले तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. ते कुठे ठेवले, असे आम्ही कोणी विचारले नाही.