वडसा वाचलं, ब्रह्मपुरी तुटली: हलंत परत यायला लागले!

मंडळी, तोड सापडली! झाडीपट्टीच्या नाटकांची आपली वर्डप्रेस साइट नव्या होस्टिंगवर हलवताना मराठी अक्षरं फुटली होती (वडसा, ब्रह्मपुरी ही त्यातली गावांची नावं, आणि हलंत म्हणजे पाय मोडायची खूण), त्यावरची. पूर्ण नाही अजून, पण मागच्या अपडेटमध्ये मी ज्या पोस्टी जवळपास सोडून दिल्या होत्या त्यातल्या बऱ्याच आता नीट वाचता येऊन राहिल्यात, आणि तोड अशा जागी होती जिथे मी बघतच नव्हतो.

आधी इन्स्टॉलचं उरकतो, कारण तिथे काही भानगड नाही. नव्या शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेस हातानं टाकलं. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनल) ते एका क्लिकचं इन्स्टॉलर असतं, पण ज्याला जुना डेटाबेस आणायचाय त्यानं त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण टेबलांचा प्रीफिक्स (नावाआधीचा तुकडा) ते आपल्या मनानं ठेवतं आणि मग जुनं-नवं जुळवत बसावं लागतं. झिप फाइल मॅनेजरमधून चढवली, तिथेच उघडली, डेटाबेस आणि युजर बनवले (नावाच्या आधी अकाउंटचं नाव आपोआप चिकटतं, कॉन्फिगमध्ये ते पूर्ण नाव द्या), होस्ट म्हणून लोकलहोस्ट, परवानग्या फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. पर्मालिंक सेव्ह केल्यावर एचटीअॅक्सेस फाइल आपोआप लिहिली गेली आणि पहिल्या झटक्यात पानं उघडली. खूप बरं वाटलं ते बघून.

मग जुना डंप, म्हणजे जुन्या डेटाबेसची काढलेली प्रत, आत घेतला आणि खरं दुखणं सुरू झालं.

नव्या लोकांसाठी: साइट झाडीपट्टीच्या नाटकांची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे दिवाळीनंतर जे प्रयोग होतात त्यांची हँडबिलं, दंडार आणि खडी गंमत या तिकडच्या लोककलांवरच्या नोंदी, वडशाच्या नाटक कंपन्यांची माहिती. साइट खूप जुनी, वर्डप्रेस २.२ च्याही आधीच्या कॉन्फिग फाइलवर अपग्रेड होत आलेली. २.२ आलं २००७ मध्ये, त्याआधी कॉन्फिगमध्ये कॅरॅक्टर सेट (कुठल्या बाइटला कुठलं अक्षर याचं कोष्टक) सांगायची ओळच नव्हती, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा डिफॉल्ट तेव्हा लॅटिन१, म्हणजे युरोपीय अक्षरांचा सेट, होता (तो ८.० मध्ये बदलला). म्हणजे टेबल म्हणत होतं मी लॅटिन१, आणि आत भरलेलं होतं यूटीएफ-८ मराठी. दोन्ही बाजू एकच खोटं बोलत होत्या तोवर साइट मस्त चालली. होस्टिंग बदललं आणि उघडं पडलं. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्या मागे चलनाचं ते गोल चिन्ह, नाहीतर जपानी येनचं चिन्ह. येन दिसला की समजायचं मात्रा, हलंत किंवा आकडा आहे. व्यंजनं सगळी त्या गोल चिन्हाच्या गटात येतात.

यावरचं औषध सगळ्यांना माहीत आहे. कॉलम लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट करा, बायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. मी पीएचपीमायअॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) ती क्वेरी आधी सिलेक्टनं, म्हणजे नुसतं बघण्यापुरती, चालवली, आणि सगळ्यांनी तसंच करा, थेट अपडेट मारू नका, कारण माझ्याकडे जवळपास सगळ्या लेखांच्या जागी नल, म्हणजे रिकामं, आलं. अपडेट मारलं असतं तर लेख कोरे झाले असते.

मग डंप घरच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये उघडून बाइट-बाइट बघितला. वडसा शाबूत. आरमोरी शाबूत. सिंदेवाही, गडचिरोली, नागपूर, सगळं धड. ब्रह्मपुरी मात्र तीन ठिकाणी फुटलेली, कुरखेडा सुरुवातीलाच गेलेला, आणि झाडीपट्टी तर पहिल्या अक्षरापासून. काही शब्द पूर्ण ठीक, काहींची चाळणी, आणि त्यात काही पॅटर्न दिसेना. त्यात वडशाहून हँडबिलं पाठवणाऱ्या काकांचा फोन, "बाबू, साइट काऊन बंद हाये? पोरं विचारून राहिले." काय सांगणार?

पॅटर्न दिसला तो असा. जुन्या होस्टच्या माणसांनी डंप काढून दिला तेव्हा तो मधे कुठेतरी विंडोज-१२५२ या विंडोजच्या जुन्या कोडपेजमधून (तेही अक्षरांचं कोष्टकच) गेलेला. त्या कोडपेजमध्ये पाच बाइट रिकामे आहेत, त्यांना अक्षरच नाही (आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या मोजणीत): ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मायएसक्यूएलचा स्वतःचा लॅटिन१ हे पाचही जसेच्या तसे पुढे देतो, म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. पण कडक कन्व्हर्टर त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतो. आता आपली अक्षरं बघा. हलंत म्हणजे ई० ए५ ८डी. ऱ्हस्व उकार म्हणजे ई० ए५ ८१. झ चा शेवट ९डी, ए चा ८एफ, ऐ चा ९०. पाय मोडायची खूणच गेली म्हणजे मराठीतली सगळी जोडाक्षरं गेली! विंडोजवर पायथननं मराठी फाइल उघडताना ज्यांना ८डी वाला एरर येतो तो हाच बाइट, एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की तो आडवा येतो.

बरं, प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट शिल्लक होते, फक्त तिसरा गेलेला. म्हणजे उमेदवार मोजकेच. ई० ए४ च्या मागे प्रश्नचिन्ह असेल तर झ, ए, ऐ, चंद्रबिंदू किंवा तो क्वचित लागणारा ऍ. पुढे काना, वेलांटी, मात्रा असेल तर झ च, कारण ए ला काना लागत नाही. या एका नियमानं झाला, झाली, झाडी सगळे परत आले, आणि झाला-झाली शिवाय मराठीत एक परिच्छेद जात नाही, तेव्हा पानं एकदम भरल्यासारखी दिसली. "माझ्या" मध्ये दोन्ही फुटलेले, पण पुढचा तुकडा ए५ गटातला असला की आधीचा झ हे पक्कं.

अडकलं ते ए५ गटात. हलंत की उकार? पुढे अनुस्वार असेल तर उकार (सुंदर, कुंकू). शब्दाच्या शेवटी असेल तर बहुतेक परंतु, बाकी आपल्या शुद्धलेखनात शेवटचा उकार दीर्घच असतो. पण पुढे व्यंजन आलं की दोन्ही शक्य. प नंतर फुटलेलं आणि मग र, तर प्रयोग की पुरस्कार? हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमची मराठी डिक्शनरी लावली. साध्या शब्दांना कामाची आहे, वाईट नाही, पण आपल्याकडे शब्दाला तल्या, पासून, वाल्यांनी चिकटत जातं आणि मॅच तुटतो, आणि गावांची, नाटकांची, कलावंतांची नावं तिच्यात असणार कुठून? साइटचा जीव तर त्या नावांतच आहे. त्या नावांवर अंदाज मारायचा नाही हे मी ठरवलेलं. एखाद्या कलावंताचं नाव चुकीचं छापण्यापेक्षा पान बंद बरं.

इथेच मागचं अपडेट थांबलं होतं.

आणि मग जुन्या लिंका नव्या साइटवर वळवायला स्लगचा (लिंकमधलं पोस्टचं नाव) कॉलम उघडला. वर्डप्रेस देवनागरी स्लग देवनागरीत ठेवतच नाही! प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन इंग्रजी अक्षर-आकडे असा लिहून ठेवतं. म्हणजे एक मराठी चिन्ह नऊ कॅरॅक्टरांचं, पण सगळं साधं आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं-आकडे. त्याला कुठलाच कन्व्हर्टर हात लावत नाही. ८डी सुद्धा तिथे ८ आणि डी असा लिहून ठेवलेला, एकदम सुरक्षित. पोस्टच्या टेबलमध्ये प्रत्येक मथळा आणि टर्म्सच्या टेबलमध्ये प्रत्येक टॅग तसाच बसलेला. ब्रह्मपुरीचा टॅग डीकोड केला आणि तिन्ही तुकडे जागच्या जागी. खुर्चीतून उठून घरभर फिरलो.

मर्यादा आहे. स्लगचा कॉलम २०० कॅरॅक्टरचा, भागिले नऊ, म्हणजे साधारण २२ चिन्हं, आणि काना-मात्रा-हलंत सगळे वेगळे मोजायचे. लांब मथळे अर्ध्यात कापलेले. पण टॅग छोटे असतात, आणि आम्ही वर्षानुवर्षं गाव, नाटक, कलावंत असं सगळं टॅग करत आलो. तीच आता डिक्शनरी झाली. स्क्रिप्ट तुटलेला शब्द घेते, टॅगांच्या यादीतल्या शब्दांना त्याच पद्धतीनं तोडते, आणि सुरुवातीपासून जुळला की भरते, मग शेवटी तल्या लागो की पासून. ब्रह्मपुरीतल्या, अर्जुनीला, सगळं बसलं. दोन टॅग जुळले तर भरत नाही, वेगळ्या फाइलमध्ये टाकते, ते मी डोळ्यांनी बघतो. कसोटीसाठी बनवलेली खराब टेबलं काल ड्रॉप केली, "घेऊन जा गे मारबत" म्हणून (मारबत मिरवताना पीडा घालवायला म्हणतात तसं). मूळ डंप मात्र दोन ठिकाणी ठेवलाय, तो हलवणार नाही.

याच्यामुळे एक बेत बदलला. मी नव्या साइटवर रोमन स्लग करणार होतो, लिंक शेअर करताना ती टक्क्यांची माळ नको म्हणून. आता नाही. जुने स्लग जसेच्या तसे राहतील, नव्या पोस्टींना मात्र २२ च्या आत बसेल असा छोटा मराठी स्लग हातानं देणार.

उरलंय ते लेखांच्या पोटातलं, जिथे टॅग नाही आणि डिक्शनरीही गप्प आहे. त्यासाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरच्या जुन्या प्रती काढून ओळीला ओळ लावायचा विचार होता, पण हे टाइप करता करताच आठवलं की अपलोड केलेली प्रत्येक इमेज वर्डप्रेसमध्ये पोस्टच असते, तिलाही स्लग असतो, आणि हँडबिलांच्या फायलींना काकांनी नाटकाचं आणि गावाचं नाव मराठीतच दिलेलं. शिवाय कोणी मथळा बदलून स्लग बदलला असेल तर जुना स्लग पोस्टमेटामध्ये (पोस्टची जादा माहिती ठेवणारं टेबल) पडून असतो. वेबॅक नंतर, आधी अॅटॅचमेंटच्या ओळी काढतो. आज रात्री तेच करतोय, यादी निघाली की सांगतो, आणि कोणाकडे पोस्टमेटामधून जुने स्लग वेगळे करायची तयार क्वेरी असेल तर पाठवा.