तेलकट दगडाचा दिवस

त्या दिवशी एका मोठ्या स्वयंपाकघरातल्या अठरा सुऱ्या संध्याकाळपर्यंत धार लावून द्यायच्या होत्या. तिसऱ्या सुरीलाच माझ्या लक्षात आले की, धार लावायच्या, तेल टाकून वापरायच्या दगडाचा नेहमीचा खरखर आवाज येत नाही. पाते काचेवरून फिरावे तसे नुसते सरकत होते, आणि वीस-पंचवीस हात मारूनही धारेच्या दुसऱ्या बाजूला बोटाला लागणारी बर, म्हणजे घासून वळलेली धातूची बारीक कड, काही उठत नव्हती.

मी दगडावर नख ओढले, तर नखात मेणासारखा पिवळट, चिकट थर आला. चूक माझीच होती. सुऱ्या अन्नाला लागणार, मग दगडालाही खाण्याचेच तेल बरे, या विचाराने मी काही आठवडे खाद्यतेल वापरत होतो. असे तेल हवेने हळूहळू घट्ट होते आणि त्यात अडकलेला लोखंडाचा कीस दगडाची छिद्रे बुजवून टाकतो. तेल म्हटले की घर्षण कमी करणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. पण दगडाला तर पाते चावायचे असते, आणि तेलाचे खरे काम तो कीस तरंगत ठेवून बाहेर आणण्याचे असते. म्हणूनच फार दाट तेलही उपयोगाचे नाही, कारण त्यावर पातेच तरंगू लागते.

दगड रॉकेलमध्ये बुडवून ताठ केसांच्या ब्रशने घासला, तेव्हा काळपट गाळ सुटू लागला. दरम्यान काम थांबू नये म्हणून मी हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा) वॉटरस्टोन, म्हणजे तेलाऐवजी पाण्यावर वापरायचा दगड, पाण्यात टाकला आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटे, तसाच ठेवला. घासताना त्यावर राखाडी चिखल जमला, तो मी पुसला नाही, कारण त्या चिखलातले सुटे कणही धार काढतात. तेवढ्यात मदतनीस मुलाने, काम लवकर व्हावे या चांगल्याच हेतूने, तेलाची बाटली त्या दगडावर तिरपी केली. मी ओरडलोच. पाण्याच्या दगडात एकदा तेल मुरले की ते पुरते निघत नाही, आणि मग पाणी आत शिरत नाही.

दुपारी जुना दगड साबणाने धुतला. त्याच्यावर पाणी टाकून पाहिले, तर ते थेंबाथेंबाने बाजूला सरकले, म्हणजे खोलवर तेल होतेच. अखेर जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची कठीण, खरखरीत पूड आणि पाणी घेऊन दगडाचा वरचा थर घासून काढला, आणि त्यावर लाइट लिक्विड पॅराफिनचे चार थेंब सोडले. हे खनिज तेल पातळ असते, घट्ट होत नाही, खवटही होत नाही. पहिल्याच हाताला ओळखीची खरखर ऐकू आली.

सकाळच्या त्या तीन सुऱ्या मी पुन्हा पहिल्यापासून घेतल्या, आणि रॉकेलचा वास राहू नये म्हणून सगळ्या अठरा सुऱ्या गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊनच परत पाठवल्या.