मुळशी बॅकवॉटरच्या गावातली खोली: जाणार असाल तर आधी हे वाचा

पौडमार्गे मुळशीपर्यंतचा रस्ता सगळ्यांना माहितीय, त्यावर काय लिहायचं नाही. लिहायचंय ते डांबरी सोडल्यावर गावात उतरणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर. खोलीवाल्याने फोनवर ठणकावून सांगितलं होतं की गाडी दारापर्यंत येते. जीप येत असेल, आपली छोटी कार नाही! लाल माती, मधोमध चर, वर वळवाचा पाऊस पडून गेलेला, चाकं जागीच फिरायला लागली आणि खालून दगड लागायचे ते वेगळंच. छोटी गाडी वर देवळापाशीच लावा आणि सॅक घेऊन चालत उतरा, चढताना क्लच जाईल.

खोली स्वच्छ, झोप चांगली लागली, बास. पैशांचं मात्र नीट ऐका. माणशी १८०० ठरले होते, जेवण धरून. निघताना चहा वेगळा, आंघोळीचं पाणी तापवलं ते वेगळं आणि 'घरच्या आंबेमोहोराचा भात' म्हणून माणशी २५० अजून. तो आंबेमोहोर नव्हताच. आंबेमोहोराचा दाणा आखूड, शिजताना वास घरभर होतो, भात मऊ चिकटसर होतो. ताटात लांब सुटा दाणा होता, वास शून्य.

आणि याचा राग जास्त येतो कारण या खोऱ्यात भाताची जमीन कशी गेली ते तिथल्या माणसाला तरी माहीत असायला हवं. तळातली चांगली भातखाचरं सगळी टाटांच्या मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहेत. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेऊन टाटांना दिल्या, त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, इथले मावळे शेतकरी 'जान किंवा जमीन' म्हणत धरणाच्या कामाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे पुढे होते, बापटांना लोक सेनापती म्हणायला लागले ते इथूनच. १९२४ पर्यंत लढा मोडला, १९२७ ला घाटाखालचं टाटांचं भिऱ्याचं वीजघर सुरू झालं आणि भीमेकडे जाणारं पाणी बोगद्यातून कोकणात उतरायला लागलं. माणसं वर डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीवर सरकली, तिथे नाचणी, वरई.

हे सगळं बघायचं तर मे महिन्यातच जा, पाणी उतरलेलं असतं. शेजारच्या आजोबांनी काठावर नेऊन दाखवलं, "त्यो बांध दिसतोय ना, तितं आमच्या आज्याचं खाचर व्हतं." उघडे पडलेले बांध ओळीने दिसत होते, मी किती वेळ तिथेच उभा होतो. पूर्ण ट्रिपमध्ये एवढ्याच गोष्टीसाठी मी परत जाईन. फक्त पाण्याजवळच्या गाळात उतरू नका, वरून वाळलेला दिसतो पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, बांधावरूनच चाला.

खोली घ्याच, पण चहा, गरम पाणी, भात सगळं धरून किती ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, आणि आंबेमोहोर म्हणाले तर आधी कच्चा तांदूळ हातात घेऊन बघा.